गळती सापडल्याशिवाय गॅस नाही

सातव्या दुकानातून बाहेर पडलो तेव्हा भाऊजींनी पिशवी एका खांद्यावरून काढून दुसऱ्यावर घेतली आणि मला म्हणाले, "धाकटे, दमली असशील तर त्या टायरांवर बस. मी पुढची चार दुकानं बघून येतो."

"टायर तापलेत," मी म्हटलं. "बसले तर चिकटून राहीन. मग मलाही भंगारातच टाकून जावं लागेल तुम्हाला."

एरवी त्यांनी मला परतून काहीतरी ऐकवलं असतं. ताईच्या लग्नापासून आमचं हे असंच चालत आलेलं. त्या दिवशी ते नुसते पुढे चालायला लागले. त्यांच्या पिशवीत गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर होता, सहा-सात किलोचा, तिसऱ्या दुकानात मिळालेला. माझ्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यात त्यांच्या गाडीची जुनी कूलिंग कॉइल, नमुना म्हणून आणलेली. सकाळी नऊला निघालो होतो, आता एक वाजत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोललेल्या गाड्या. एका दुकानात नुसती दारं, चळत लावून ठेवलेली. एकात आरशांचा ढीग, त्यातून ऊन डोळ्यात जायचं. जमीन तेल सांडून सांडून काळी झालेली आणि सावली म्हणाल तर दुकानाच्या पत्र्याखाली तेवढी.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुन्या गाड्यांचे एसी दुरुस्त करण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. आणि आज आम्ही वणवण करत होतो ती त्यांच्या स्वतःच्या गाडीसाठी. गाडीच्या डॅशबोर्डच्या पोटात वहीएवढी एक ॲल्युमिनियमची जाळी असते. तिच्यातून गॅस फिरतो, ती गार पडते, आणि तिच्यातून आलेला वारा आपल्या तोंडावर येतो. हीच ती कॉइल. यांच्या गाडीची गळत होती, आणि कॉम्प्रेसरही बंद पडला होता. कंपनीने ती गाडी बनवणं केव्हाच सोडून दिलं होतं, म्हणून नवी मिळत नव्हती. जुनी शोधायची, ती बसवायची, आणि हे सगळं गुरुवारच्या आत. तो सोमवार होता.

गुरुवारी ताईला इस्पितळात न्यायचं होतं.

ताईला मज्जातंतूंचा आजार. नऊ वर्षं झाली. नाव लांबलचक आहे, घेऊन उपयोग नाही. तिला उष्णता सोसत नाही. आपल्याला उकडलं की नकोसं होतं, तसं नव्हे. तिचं अंग तापलं की पायातली शक्ती जाते, एका माणसाची दोन माणसं दिसतात, जीभ जड होते. गार वाटलं की गेलेलं परत येतं. मात्र दर वेळी थोडं कमी परत येतं. तीन आठवड्यांनी एकदा तिला सुई लावून औषध चढवतात, त्यासाठी दोन तासांवरच्या मोठ्या इस्पितळात जावं लागतं.

भाड्याची गाडी का करत नाही, असं सगळे विचारतात. भाऊजींनी आपल्या गाडीच्या डाव्या सीटखाली रूळ बसवून घेतले आहेत. दार उघडलं की सीट फिरून बाहेर येते आणि ताई चाकाच्या खुर्चीवरून तिच्यावर आपली आपण सरकते. भाड्याच्या गाडीत तिला दोघांनी काखेत धरून आत कोंबावं लागतं. एकदा गेली तशी. परत आल्यावर म्हणाली, "माझ्यापेक्षा गोणी बरी. गोणीला लाज नसते." रुग्णवाहिकेचं नाव काढलं की भिंतीकडे तोंड करून पडते.

भाऊजींना बाजारात सगळे फेसवाले म्हणतात. त्यालाही कारण आहे. त्यांच्या दुकानात, म्हणजे दोन गाड्या जेमतेम मावतील अशा पत्र्याखाली, एक जुनी वाटी आणि दाढीचा ब्रश कायम तयार असायचा. गाडी आली की आधी दाबाचं मीटर लावायचं, मग वाटीत साबणाचा दाट फेस करून प्रत्येक जोडाला, प्रत्येक रबरी रिंगेला तो ब्रशने फासायचा आणि उकिडवं बसून बघत राहायचं. कुठे एक बारीक बुडबुडा फुगला की त्यांचा चेहरा खुलायचा. फेसात नाही सापडलं तर कान लावायचे. त्यानेही नाही तर गॅसबरोबर हिरवा रंग सोडायचे, आणि चार दिवसांनी गाडी परत बोलावून पिवळा चष्मा लावून जांभळ्या उजेडाच्या बॅटरीने हिरवं कुठे चमकतं ते शोधायचे. ताई तेव्हा चालती-फिरती होती. चहा घेऊन यायची आणि गिऱ्हाइकांसमोरच म्हणायची, "लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात माझा अंगाचा साबण गेला. तेव्हाच ओळखलं, आपली सवत कोण ते."

दुकानात शिरताना समोर पाटी होती. "गळती सापडल्याशिवाय गॅस भरला जाणार नाही." अक्षर माझंच, त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेलं. इतर दुकानांत उन्हाळा आला की गॅस भरून द्यायचे, गाडी गार, माणूस खूश, दोन महिन्यांनी पुन्हा हजर. यांच्याकडे तसं चालत नसे.

"अहो काका, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, भरून टाका ना."

"गॅस संपत नसतो. तो जातो. कुठून गेला ते कळू दे, मग भरतो."

"परत आलो तर तुमचाच फायदा नाही का?"

"तुम्ही परत आलात तर मला तोंड लपवावं लागेल."

काही माणसं हसून थांबायची. बरीचशी शिव्या देत निघून जायची. नव्या गाड्या आल्या, त्या कंपनीच्याच दुकानात जाऊ लागल्या. जुन्यांचे मालक गॅस भरून देणाऱ्याकडे गेले. अलीकडे भाऊजींच्या पत्र्याखाली बहुतेक वेळा त्यांची स्वतःची गाडीच उभी असायची. मी एकदा म्हटलंही, थोडं नमतं घ्या. तेव्हा ताईच माझ्यावर उखडली. "त्यांना नको शिकवूस. त्यांनी एक गोष्ट आयुष्यभर सरळ केली आहे. तेवढी राहू दे त्यांच्याजवळ."

आठव्या दुकानात एक कॉइल निघाली, पण तिची तोंडं उलट्या बाजूला होती. नवव्यातल्या माणसाने आमचा नमुना हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाला, "काका, ही गाडी शेवटची तोडली तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते." दहावं बंद होतं. त्याच्या बाजूला पिण्याच्या पाण्याची टाकी होती, तिथे आम्ही थांबलो. ताईने मला बजावून पाठवलं होतं की ते पाणी प्यायचं विसरतात, तू मागे लाग. ते प्यायले, तोंडावर मारून घेतलं आणि ओल्या चेहऱ्यानेच म्हणाले, "धाकटे, गाडीचा कॉम्प्रेसर आपोआप जॅम झाला नाही."

"म्हणजे?"

"मी डबी घातली."

मला त्यांच्या धंद्यातलं सगळं कळत नाही, पण डबी कळते. इतक्यांदा ऐकलेली. गळती बंद करायचं औषध डबीत मिळतं, गॅसबरोबर आत सोडायचं. भोकातून बाहेर पडताना त्याला हवेतली ओल लागते, ते घट्ट होतं आणि भोक बुजतं. पण नळ्यांच्या आत कुठे ओल राहिली असेल तर ते आतच घट्ट होतं, आणि मग बारीक वाटा बुजतात, कॉम्प्रेसर जॅम होतो, सगळंच बाद. डबी घातलेली गाडी आली की भाऊजी बॉनेट लावून हात जोडायचे. "हिला आता देवाकडे न्या." डबी घालणाऱ्याला ते मेकॅनिक म्हणतच नसत.

मग त्यांनी सांगितलं. कॉइल गळते आहे हे त्यांना उन्हाळ्याच्या तोंडालाच कळलं होतं. गाडीखाली जे पाणी ठिबकतं ते त्यांनी कापसावर घेऊन बॅटरीखाली धरलं होतं, कापूस हिरवा चमकला होता. डॅशबोर्ड उतरवायला दोन दिवस लागतात. ताईची तारीख दोन दिवसांवर होती. ती झाली की उघडू, असं ठरवलं. तारखेच्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर गरम वारा. रात्रीतून सगळा गॅस गेलेला.

"ती तयार होऊन बसली होती," ते म्हणाले. "केस विंचरून, पदराला पिन लावून. मला म्हणाली, आज अंग हलकं वाटतंय. मी दुकानात गेलो. एका गिऱ्हाइकाकडून काढून घेतलेली डबी होती, पुन्हा घालू नये म्हणून ठेवलेली. नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला पंप दोन तास लावायचा असतो. मी पाऊण तास लावला."

टाकीचा नळ ठिबकत होता, तो त्यांनी घट्ट केला.

"जाताना गाडी अशी गार, धाकटे, तिने शाल मागितली. तिथे पोचल्यावर खुर्चीतून उठून पलंगापर्यंत चार पावलं स्वतः चालली. नर्सबाई बघतच राहिल्या. मला वाटलं, चौतीस वर्षं मीच वेडेपणा केला."

पुढचं मला माहीत होतं. परतताना अर्ध्या वाटेत कॉम्प्रेसर जॅम झाला, त्याचा पट्टा तुटला, गाडी भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहिली. कुणी ओढून न्यायला येईपर्यंत दीड तास. ताई आत बसलेली, दारं उघडी, आणि भाऊजी ओल्या टॉवेलने वारा घालताहेत. त्या दिवसापासून तिचा उजवा पाय परत आला नाही. डावा येतो थोडा, उजवा नाही. डोळ्यांनाही आता कायमचं दोन-दोन दिसतं.

"मागाहून डॅशबोर्ड उघडला," ते म्हणाले, "तर कॉइलच्या पापुद्र्यांत पाचोळा, धूळ, आणि तिचे केस. लांब लांब. किती वर्षं ती त्याच सीटवर बसते. त्या कचऱ्यात ओल धरली आणि ॲल्युमिनियम खाल्लं गेलं. वर्षातून एकदा साफ केलं असतं तर..."

"ताईला डबीचं माहीत आहे?"

"नाही. तिला वाटतं कॉम्प्रेसर म्हातारा झाला होता."

मी म्हटलं, "तुम्ही कशासाठी केलंत ते देवाला माहीत आहे, भाऊजी."

"त्याला माहीत असून तिचा पाय नाही आला," ते म्हणाले. रागाने नव्हे. मीटरवरचा आकडा वाचून दाखवावा तसे.

मी रोज देवापुढे दिवा लावते, ताईसाठी वेगळं काही मागायचं मी दोन वर्षांपूर्वीच सोडलं आहे. नुसतं तिचं नाव घेते. त्याला कळत असेल तर कळेल.

त्यानंतरच्या तारखेला ताई गेलीच नाही. गाडी बंद होती, आणि दुसऱ्या कशातही बसायला ती तयार नव्हती. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, एक तारीख चुकली ती चुकली, सलग दुसरी चुकली तर हे औषध पुन्हा सुरू करण्यात अर्थ नाही, आणि याच्या पुढचं औषध आपल्याकडे नाही. म्हणून हा गुरुवार. आम्ही या बाजारात आलो त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्याजवळ बसले होते. ती छताकडे बघत म्हणाली, "गळती बंद झाली तर येते. नुसता गॅस भरून आणला तर नाही यायची. रस्त्यात पुन्हा तसं झालं तर मला वेड लागेल. तिथे बसून मला माझं एकेक बोट जाताना कळत होतं." मग थोड्या वेळाने, "आणि त्यांना सांग, माझ्यासाठी ती पाटी काढू नका."

अकरावं दुकान रस्त्याच्या अगदी टोकाला होतं. तिथला भंगारवाला जाड चष्म्याचा, आमच्याच वयाचा. नमुना बघितला, आत गेला, बराच वेळ खडखडाट ऐकू आला, आणि तो एक कॉइल घेऊन आला. धुळीने भरलेली, पण तोंडं बरोबर, लांबी बरोबर. भाऊजींनी आपली जुनी तिच्या शेजारी ठेवली. जुळ्या बहिणी.

"बघून घेतो," भाऊजी म्हणाले.

"बघा की. पिंप तिकडे आहे, पंपही आहे."

त्यांनी खिशातून रबरी बुचं काढली. एक तोंड बंद केलं, दुसऱ्याला पायपंपाची नळी जोडली, आणि कॉइल पिंपातल्या पाण्यात बुडवली. "धाकटे, पाय मार." मी पंप मारायला लागले. एकीकडे मनात देवाचं नाव, एका दाबाला एक. पाणी आधी गढूळ झालं, मग निवळलं. भाऊजी गुडघ्यांवर बसून, नाक पाण्याला लागेल इतके वाकलेले. दहा झाले, पंधरा झाले. काही नाही. सतराव्याला एक बुडबुडा वर आला. त्याच्या मागून दुसरा. मग बाजूने एक, आणि तळातून एक अगदी बारीक धार, मोत्यांची माळ सोडावी तशी.

"तीन," भाऊजी म्हणाले.

"काका, तीस वर्षांच्या मालात तीन म्हणजे काहीच नाही," भंगारवाला म्हणाला. "गॅस मारा, आठवडा निघेल." मग चष्मा वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं. "अहो, तुम्ही फेसवाले ना? माझ्या मेहुण्याची गाडी भर उन्हाळ्यात गॅस न भरता परत पाठवलीत. दोन वेळा! घरात तान्हं मूल होतं. बिचारा तुम्हाला अजून शिव्या देतो."

"देऊ दे."

"आणि आज स्वतः गळकी नेताय?"

भाऊजींनी कॉइल पिंपातून काढली, निथळू दिली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. "बांधून द्या," म्हणाले.

भंगारवाल्याचा चेहरा पडला. त्याने टोमणा सहज मारला होता, असा लागेल असं त्याला वाटलं नसावं. जुन्या वर्तमानपत्रात कॉइल गुंडाळताना म्हणाला, "घरचं कुणी आजारी आहे का?" भाऊजींनी मान डोलावली. त्याने सुतळीची एक गाठ जास्त मारली.

बसथांब्याकडे परत निघालो. तोच रस्ता, तीच दुकानं, आता उलट्या क्रमाने. आरशांच्या दुकानाशी आल्यावर मीच विचारलं, "होईल ना?"

"दोन बुजवतो. ती वरच्या पदरात आहेत. तिसरं आतल्या पदरात, तळाशी. तिथे माझा हात पोचत नाही. कुणाचाच नाही पोचणार."

"मग?"

"मग काय. गुरुवारी निघायच्या आधी गॅस भरायचा. जाताना गार राहील, तेवढी खात्री देतो. तिला आत घेतलं की मी खाली गाडीपाशी येणार. गॅसचा सिलिंडर डिकीत असेल. तिचं औषध चढेपर्यंत पुन्हा भरून ठेवणार."

"आणि भोक वाढलं तर?"

"तर अर्ध्या वाटेत पुन्हा उभं राहायचं."

"आणि पुढच्या तारखेला, भाऊजी? त्याच्या पुढच्या?"

खांद्यावरची पिशवी घसरत होती, ती त्यांनी वर ओढली. त्यांचा सदरा पाठीवर भिजून चिकटला होता आणि पुढे कॉइल पुसल्याचा काळा पट्टा उठला होता. थांब्यावर आलो. बाकावर जागा होती, पण ते बसले नाहीत. माझ्याकडे न बघता, बस येणार होती त्या दिशेला बघत म्हणाले, "धाकटे, तिला तू सांग. गळती सापडली, बंद केली, म्हणून सांग."

मी कापडी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी सांगितलं तर ती माझ्या तोंडाकडे बघेल. तेहतीस वर्षं झाली, तिला माझं तोंड वाचता येतं. तुझं ती वाचायला जाणार नाही. तू खोटं बोलत नाहीस, हे तिला ठाऊक आहे. तुला पाप वाटत असेल तर ते माझ्या नावावर घाल, मी तुझ्या देवाला सांगेन. पण आजच सांग. गुरुवारपर्यंत थांबू नकोस. तीन रात्री तरी तिला झोप लागू दे."